हेडसेटच्या खोक्यावरचे आकडे कसे वाचावेत?

मायक्रोफोन असलेला वायरीचा हेडसेट ही आता केवळ गाणी ऐकणाऱ्यांची वस्तू राहिलेली नाही. घरून नोकरी करणारे, ऑनलाइन शिकवणी घेणारे आणि न्यायालयाच्या सुनावणीला पडद्यावरून हजर राहणारे वकील या सगळ्यांना तो लागतो. खोक्यावर छापलेले आकडे मात्र समजावून सांगणारे कोणी भेटत नाही, अशी तक्रार अनेक पत्रांत आहे. त्यांपैकी निवडक पत्रांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : माझ्या मुलीला मिहानमधील एका कंपनीत ग्राहकांच्या तक्रारी फोनवर ऐकून घेण्याचे काम मिळाले असून आठवड्यातले काही दिवस ते घरून करायचे आहे. कंपनीने वायरीचा हेडसेट घ्यायला सांगितला आहे, पण मॉडेल सांगितलेले नाही. बर्डीवरच्या दुकानात आम्ही दोन हेडसेट पाहिले. एकाच्या खोक्यावर ‘ड्रायव्हर ५० मि.मी., फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स २० ते २०,००० हर्ट्झ, इम्पिडन्स ३२ ओहम, सेन्सिटिव्हिटी १०८ ± ३ डेसिबल, माइक उणे ४२ डेसिबल, ऑम्नी’ असे लिहिले आहे. दुसऱ्यावर ‘ड्रायव्हर ३० मि.मी., माइक १०० ते ८,००० हर्ट्झ, नॉइज कॅन्सलिंग माइक, साइडटोन, यूएसबी’ एवढेच आहे आणि तो महागही आहे. आकडे पाहता पहिलाच सरस वाटतो. आपले मत काय?
— एक वाचिका, मनीषनगर

उत्तर : आपल्या मुलीने दुसरा हेडसेट घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिल्या खोक्यावरचे आकडे खोटे आहेत असे मी म्हणत नाही; परंतु त्यांतले बहुतेक आकडे ऐकण्याच्या बाजूचे आहेत आणि तिचे काम जितके ऐकण्याचे तितकेच बोलण्याचे आहे. ग्राहकाचा आवाज तिला कोणत्याही बऱ्यापैकी हेडसेटमध्ये स्पष्ट ऐकू येईल. तिचा आवाज मात्र घरातल्या पंख्याच्या, मिक्सरच्या आणि रस्त्यावरच्या गोंगाटातून वेगळा होऊन ग्राहकापर्यंत जाणे, हे अवघड काम मायक्रोफोनलाच करावे लागते.

आता एकेक आकडा पाहू. ड्रायव्हर म्हणजे कानाजवळ बसवलेला छोटा स्पीकर. त्यात चुंबकाच्या फटीत बारीक तारेचे एक वेटोळे असते आणि त्याला प्लॅस्टिकचा पातळ पडदा चिकटवलेला असतो. वेटोळ्यातून वीज वाहिली की पडदा पुढेमागे हलतो आणि हवेत ध्वनी उमटतो. ५० मि.मी. हा त्या पडद्याचा व्यास आहे. मोठा पडदा अधिक हवा हलवतो, म्हणून खर्जातले आवाज निर्माण करणे त्याला सोपे जाते. आवाजाचा दर्जा मात्र व्यासावर ठरत नाही. पडदा कशाचा आहे, कानावरची गादी किती घट्ट बसते आणि मागच्या वाटीची रचना कशी आहे, यांवर तो अवलंबून असतो. माणसाच्या बोलण्यासाठी ३० मि.मी.चा ड्रायव्हर पुरून उरतो.

फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स म्हणजे हेडसेट किती खालच्या ते किती वरच्या पट्टीचे आवाज काढतो ते; हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपने. ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ ही निरोगी तरुण कानाची श्रवणमर्यादा आहे, त्यामुळे स्वस्तातल्या स्वस्त हेडसेटवरही ती छापलेली आढळते. त्या दोन टोकांच्या मध्ये आवाज किती समान राहतो, ही खरी माहिती असते, आणि तीच बहुधा दिलेली नसते. ‘± ३ डेसिबल’ अशी मर्यादा सोबत लिहिली असेल तरच या आकड्याला अर्थ येतो, कारण नुसते ‘२० ते २०,०००’ म्हणजे त्या टोकांना काही तरी ऐकू येते, एवढेच झाले.

मायक्रोफोनचा ‘१०० ते ८,००० हर्ट्झ’ हा पल्ला आपल्याला तोकडा वाटला असणार. टेलिफोनचे संभाषण कित्येक दशके ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात चालत आले आहे, आणि ज्याला आज ‘एचडी व्हॉइस’ म्हणतात ते रुंद पट्ट्याचे संभाषण साधारण ५० ते ७,००० हर्ट्झचे असते. जुन्या अरुंद पट्ट्यात ‘स’, ‘श’ आणि ‘फ’ यांच्यात गोंधळ होतो, कारण या वर्णांतल्या घर्षणध्वनीचा बराच भाग ३,४०० हर्ट्झच्या वर असतो. फोनवर आडनाव सांगताना ‘शहामृगातला श’ म्हणावे लागते ते याच कारणाने. ८,००० हर्ट्झपर्यंत जाणारा मायक्रोफोन हे वर्ण नीट उचलतो. त्याहून वरचे जे काही असेल ते फोनच्या पलीकडच्या टोकाला पोहोचतच नाही.

इम्पिडन्स म्हणजे हेडसेट विजेला करत असलेला अडथळा. १६ किंवा ३२ ओहमचे हेडसेट मोबाइल आणि लॅपटॉप सहज वाजवू शकतात. स्टुडिओत वापरण्याचे काही हेडफोन २५० ओहमचे असतात. ते मोबाइलला लावले तर आवाज बारीक येतो, कारण तेवढाच आवाज काढायला त्यांना अधिक व्होल्टेज लागते. ३२ ओहमच्या हेडसेटला १ मिलिवॅट शक्ती द्यायला साधारण ०.१८ व्होल्ट पुरतात, तर २५० ओहमच्या हेडफोनला त्यासाठी अर्धा व्होल्ट द्यावा लागतो. आपल्या दोन्ही हेडसेटच्या बाबतीत हा आकडा चिंतेचा नाही. यूएसबीच्या हेडसेटला तर त्याच्या वायरीतच किंवा वाटीत स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असतो, म्हणून त्याच्या खोक्यावर इम्पिडन्स लिहिण्याचे कारणच उरत नाही.

ऐकण्याच्या बाजूची सेन्सिटिव्हिटी म्हणजे ठरावीक वीज दिल्यावर किती मोठा आवाज येतो, याचे माप. येथे एक सावधगिरी हवी : काही उत्पादक ती १ मिलिवॅटला मोजतात, तर काही १ व्होल्टला. ३२ ओहमच्या हेडसेटसाठी या दोन मापांत १५ डेसिबलचा फरक पडतो, म्हणजे एकाच हेडसेटवर कोणी १०० लिहील, तर कोणी ११५. एकक न पाहता दोन खोक्यांची तुलना केली, तर निष्कर्ष उलटा निघू शकतो.

मायक्रोफोनच्या ‘उणे ४२ डेसिबल’चे तसेच आहे. १ पास्कल दाबाचा, म्हणजे ९४ डेसिबलचा आवाज मायक्रोफोनवर पडला तर त्यातून १ व्होल्टच्या तुलनेत किती वीज निघते, ते हा आकडा सांगतो. उणे ४२ म्हणजे सुमारे ८ मिलिव्होल्ट. संख्या उणे असल्यामुळे उणे ३८चा मायक्रोफोन उणे ४२पेक्षा अधिक संवेदनशील ठरतो. काही खोक्यांवर एखाद्या मायक्रोफोनसमोर उणे ६२ लिहिलेले दिसते. तेथे पास्कलऐवजी मायक्रोबार हे जुने एकक वापरलेले असण्याची शक्यता असते, आणि तसे असेल तर तो उणे ४२चाच मायक्रोफोन होय. अधिक संवेदनशील मायक्रोफोन चांगला असतो, हा समजही सोडून द्यावा. तो बोलणाऱ्याचा आवाज जसा अधिक उचलतो, तसा शेजारच्या खोलीतला टीव्हीही अधिक उचलतो.

पहिल्या हेडसेटचा ‘ऑम्नी’ मायक्रोफोन सगळ्या दिशांचा आवाज सारखाच घेतो. दुसऱ्याचा मायक्रोफोन दूरचा आवाज दाबणारा आहे. त्याविषयी पुढच्या एका पत्राच्या उत्तरात सविस्तर लिहिले आहे. येथे साइडटोनबद्दल सांगतो, कारण दिवसभर बोलणाऱ्याच्या दृष्टीने ही फार मोलाची सोय आहे आणि दुकानात तिचा उल्लेखही होत नाही. जुन्या लँडलाइनच्या रिसीव्हरमध्ये स्वतःचा आवाज हलकासा कानात परत ऐकू येत असे. तीच व्यवस्था हेडसेटमध्ये असली की तिला साइडटोन म्हणतात. दोन्ही कान झाकलेल्या माणसाला स्वतःचा आवाज पुरेसा ऐकू येत नाही, म्हणून तो नकळत वरच्या पट्टीत बोलू लागतो. काही तासांनी त्याचा घसा बसतो आणि घरातल्यांचीही गैरसोय होते. साइडटोनमुळे आवाज आपोआप बेताचा राहतो.

कंपनीने ब्लूटूथऐवजी वायरीचाच आग्रह का धरला, असे आपल्याला वाटले असेल, तर त्याचेही कारण सांगतो. बॅटरी आणि जोडणी तुटण्याचा प्रश्न आहेच. शिवाय पारंपरिक ब्लूटूथवर मायक्रोफोन सुरू झाला की हेडसेट संभाषणाच्या वेगळ्या पद्धतीवर जातो आणि दोन्ही बाजूंच्या आवाजाचा दर्जा एकदम खाली येतो. वायरीत ही तडजोड करावी लागत नाही, आणि आवाज कानापर्यंत पोहोचायला जाणवण्याइतका उशीरही लागत नाही.

प्रश्न : माझ्या हेडसेटला एकच पिन आहे. माझ्या मोबाइलवर तो उत्तम चालतो. घरच्या डेस्कटॉप संगणकाला लावला तर ऐकू येते, पण माइक चालत नाही. वडिलांच्या जुन्या मोबाइलला लावला तर गाण्यातले वाद्य ऐकू येते आणि गायकाचा आवाज मात्र विहिरीतून आल्यासारखा येतो किंवा येतच नाही. हेडसेट बिघडला आहे का?
— एक विद्यार्थी, नंदनवन

उत्तर : हेडसेट पूर्णपणे ठीक आहे. आपण सांगितलेल्या दोन्ही तक्रारी पिनेच्या जोडणीतून आलेल्या आहेत आणि आपले निरीक्षण इतके नेमके आहे, की त्यावरून दोष ओळखता येतो.

पिन उजेडात धरून पाहा. ३.५ मि.मी. जाडीच्या या पिनेवर काळ्या किंवा पांढऱ्या रंगाची बारीक वलये दिसतील. ती विद्युत्‌रोधक वलये आहेत आणि ती पिनेचे वेगवेगळे धातूचे भाग पाडतात. दोन वलये असतील तर भाग तीन : डावा कान, उजवा कान आणि दोघांची सामाईक परतीची वाट, जिला ग्राउंड म्हणतात. अशी पिन नुसत्या हेडफोनची असते. तीन वलये असतील तर भाग चार होतात आणि चौथा मायक्रोफोनचा असतो. आपल्या पिनेवर तीन वलये असणार.

डेस्कटॉप संगणकाच्या मागे हिरवे आणि गुलाबी अशी दोन वेगळी छिद्रे असतात. हिरवे ऐकण्यासाठी आणि गुलाबी मायक्रोफोनसाठी, ही रंगांची पद्धत नव्वदच्या दशकाच्या अखेरीस संगणकांसाठी ठरवण्यात आली आणि ती आजही टिकून आहे. ही छिद्रे तीन भागांच्या पिनेसाठी बनवलेली असल्यामुळे चार भागांची पिन हिरव्या छिद्रात घातली की दोन्ही कानांना आवाज मिळतो, पण मायक्रोफोनच्या भागाला तेथे जोडणीच नसते. यावर उपाय म्हणजे स्प्लिटर. ज्याच्या एका टोकाला चार भागांच्या पिनेसाठी एक छिद्र आहे आणि दुसऱ्या टोकाला हिरवी व गुलाबी अशा दोन पिना आहेत, तोच घ्यावा. दोन मित्रांनी एकाच मोबाइलवर गाणी ऐकण्यासाठीचा स्प्लिटर दिसायला बराच तसाच असतो, परंतु त्याला एक पिन आणि दोन छिद्रे असतात. तो आपल्या कामाचा नाही. दुकानात मागताना ‘हेडसेटसाठी, माइकसहित’ असे स्पष्ट सांगावे आणि पिना मोजून घ्याव्यात. लॅपटॉपला मात्र बहुधा एकच छिद्र असते आणि त्याच्या शेजारी मायक्रोफोनसह हेडसेटचे छोटे चित्र असते. तेथे आपली पिन तशीच चालेल.

वडिलांच्या मोबाइलची गोष्ट अधिक रंजक आहे. चार भागांच्या पिनेत टोकाचा भाग डाव्या कानाचा आणि त्यानंतरचा उजव्या कानाचा, इथपर्यंत सर्वांचे एकमत आहे. उरलेल्या दोन भागांत ग्राउंड कोणता आणि मायक्रोफोन कोणता, यावर मात्र दोन पद्धती पडल्या. सीटीआयए पद्धतीत ग्राउंड तिसरा आणि मायक्रोफोन सर्वांत शेवटी असतो. ओएमटीपी पद्धतीत हे दोन्ही उलट असतात. आजचे जवळजवळ सर्व मोबाइल पहिली पद्धत पाळतात. जुन्या मोबाइलांपैकी अनेकांत दुसरी पद्धत होती, आणि वडिलांचा मोबाइल त्यांतला दिसतो.

चुकीच्या जोडणीत दोन्ही कानांकडून परत येणाऱ्या विजेला ग्राउंडची मोकळी वाट मिळत नाही, तिला मायक्रोफोनमधून जावे लागते. तेथे अडथळा मोठा असल्यामुळे वीज एका कानातून निघून दुसऱ्या कानातून परतू पाहते, आणि मग आपल्याला डाव्या व उजव्या बाजूच्या आवाजातला केवळ फरक ऐकू येतो. ध्वनिमुद्रण करताना गायकाचा आवाज सहसा दोन्ही बाजूंना समसमान ठेवलेला असतो. फरक काढला की तोच वजा होतो, आणि बाजूला ठेवलेली वाद्ये शिल्लक राहतात. खात्री करून घ्यायची असेल तर गाणे सुरू असताना हेडसेटच्या वायरीवरचे फोन उचलण्याचे बटण दाबून धरा. ते बटण मायक्रोफोनची दोन टोके क्षणभर जोडते, परतीची वाट मोकळी होते आणि बटण दाबलेले असेपर्यंत गायक स्पष्ट ऐकू येतो. तसे झाले, तर दोष पद्धतीचाच आहे. या दोन पद्धतींत अदलाबदल करणारा छोटा जोड मिळतो.

हीच लक्षणे योग्य पद्धतीच्या मोबाइलवरही दिसू लागली, तर पिन पूर्ण आत गेली आहे का ते आधी पाहावे. मोबाइलच्या जाड कव्हरमुळे पिन केसभर बाहेर राहते आणि लोक हेडसेट टाकून देतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

प्रश्न : मी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात वकिली करतो. काही सुनावण्यांना घरच्या कार्यालयातून दूरदृश्य प्रणालीने हजर राहावे लागते. उन्हाळ्यात कूलर बंद ठेवणे शक्य नसते आणि त्याचा आवाज माझ्या बोलण्यासोबत न्यायालयात जातो. दोन निरनिराळ्या हेडसेटवर ‘नॉइज कॅन्सलिंग’ लिहिलेले आहे. दोन्ही सारखेच का?
— एक वकील, सिव्हिल लाइन्स

उत्तर : दोन्ही सारखे असतीलच असे नाही, आणि आपल्यासाठी हा फरक निर्णायक आहे. एका प्रकारात बाहेरचा गोंगाट आपल्या कानापर्यंत कमी येतो. दुसऱ्या प्रकारात तो समोरच्याच्या कानापर्यंत कमी जातो. न्यायालयाला आपले म्हणणे ऐकू जावे हा हेतू असल्यामुळे आपल्याला दुसरा प्रकार हवा आहे. पहिल्या प्रकारचा कितीही उत्तम हेडसेट घेतला, तर कूलर आपल्याला ऐकू येईनासा होईल आणि न्यायमूर्तींना तो तसाच ऐकू येत राहील.

पहिला प्रकार एका साध्या तपासणीने ओळखता येतो. बाहेरचा आवाज मोजून त्याच्या बरोबर उलटी ध्वनिलहर कानात सोडायची, या पद्धतीला सतत वीज लागते. म्हणून ज्या हेडसेटला बॅटरी नाही आणि जो ३.५ मि.मी.च्या पिनेवर चालतो, त्यात ही पद्धत असू शकत नाही; तेथे ‘नॉइज कॅन्सलिंग’ हे शब्द एकतर मायक्रोफोनला उद्देशून असतात, नाहीतर घट्ट गादीमुळे बाहेरचा आवाज थोडा अडतो एवढाच त्यांचा अर्थ असतो.

गोंगाट दाबणाऱ्या मायक्रोफोनची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. दांडीच्या टोकावरची फोमची टोपी काढली, तर छोट्या डबीला पुढे आणि मागे अशी दोन्ही बाजूंना छिद्रे दिसतात. आतला पडदा या दोहोंच्या मध्ये ताणलेला असतो. खोलीच्या कोपऱ्यातल्या कूलरचा आवाज पुढून आणि मागून जवळजवळ सारख्याच जोराने येतो, त्यामुळे दोन्हींचा पडद्यावरचा दाब एकमेकांना छेद देतो. तोंड मात्र पुढच्या छिद्रापासून अगदी जवळ असते. तेथला दाब मागच्यापेक्षा बराच अधिक असल्याने पडदा हलतो आणि शब्द पुढे जातात. ही युक्ती कूलरच्या घुमणाऱ्या खालच्या आवाजांवर चांगली चालते. भांडे पडल्याच्या किंवा हॉर्नच्या तीक्ष्ण आवाजावर तिचा परिणाम कमी होतो.

यातून वापराचे दोन नियम निघतात. दांडीवर ठिपका किंवा खूण असेल तर ती बाजू तोंडाकडे हवी. दांडी फिरली की मायक्रोफोन पाठमोरा होतो. दुसरे म्हणजे मायक्रोफोन ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटांच्या अंतरावर, किंचित बाजूला असावा. अगदी समोर धरला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ उच्चारताना श्वासाचा झोत पडद्यावर आदळतो; हनुवटीखाली सरकवला तर गोंगाटाबरोबर आपला आवाजही दाबला जातो.

हेडसेटचा खरा फायदा या अंतरातच आहे. मायक्रोफोन आणि तोंड यांतले अंतर निम्मे केले की आवाज ६ डेसिबलने वाढतो. लॅपटॉपचा मायक्रोफोन तोंडापासून ५० सें.मी.वर आणि दांडीचा २.५ सें.मी.वर असेल, तर अंतर वीसपट कमी होते आणि आपला आवाज सुमारे २६ डेसिबलने वाढतो. कूलरचा आवाज मात्र दोन्ही ठिकाणी तेवढाच राहतो. कोणत्याही जादा सोयीशिवाय, केवळ जवळ असल्यामुळे मिळालेला हा लाभ आहे. म्हणूनच गळ्याशी लोंबणारा मायक्रोफोन असलेल्या इअरफोनपेक्षा दांडीचा हेडसेट घ्यावा, असे मी आपल्याला सुचवीन.

कूलरबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्याचा झोत थेट चेहऱ्यावर येत असेल, तर मायक्रोफोनवर वारा घासल्याचा फरफर आवाज होतो आणि तो या रचनेने दबत नाही, कारण तो ध्वनी दुरून येत नसून मायक्रोफोनच्या तोंडाशीच निर्माण होतो. नवतपाच्या, म्हणजे कडक उन्हाच्या नऊ दिवसांतही कूलर बंद करण्याची गरज नाही. त्याच्या पट्ट्यांची दिशा बदलून झोत पाठीवर घ्यावा आणि फोमची टोपी कधीही काढून ठेवू नये. सुनावणीपूर्वी आपलाच आवाज ध्वनिमुद्रित करून, कूलर सुरू ठेवून ऐकावा.

प्रश्न : माझ्या नव्या मोबाइलला गोल पिनेचे छिद्रच नाही. टाइप-सी कन्व्हर्टर आणला, तो मित्राच्या मोबाइलवर चालतो आणि माझ्यावर नाही. शिवाय लॅपटॉप चार्जिंगला लावला की हेडसेटमध्ये घुर्र असा आवाज येतो.
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : हे कन्व्हर्टर दोन प्रकारचे असतात. साध्या प्रकारात केवळ तारा जोडलेल्या असतात आणि तो मोबाइलनेच टाइप-सीमधून तयार आवाज बाहेर सोडला तरच चालतो; मित्राचा मोबाइल तसा असावा. दुसऱ्या प्रकारात डिजिटल माहितीचे आवाजात रूपांतर करणारी चिप असते, जिला डॅक म्हणतात. खोक्यावर डॅक असल्याचा उल्लेख आहे असा कन्व्हर्टर घ्यावा. तो बहुतेक मोबाइलवर चालतो.

घुर्र आवाज बहुधा घरातल्या विजेचा आहे. चार्जरची पिन काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला आणि आवाज थांबला, तर हेडसेट निर्दोष आहे. भिंतीवरच्या सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे का, ते वायरमनकडून तपासून घ्यावे. हेडसेटपुरतेच नव्हे, घराच्या सुरक्षिततेसाठीही ते आवश्यक आहे. यूएसबी हेडसेटमध्ये आवाज संगणकाबाहेर तयार होत असल्याने हा त्रास बराच कमी जाणवतो.

प्रश्न : मुलगा नववीत आहे. ऑनलाइन शिकवणी आणि खेळ दोन्ही हेडसेटवर चालतात. सेन्सिटिव्हिटी जास्त असलेला हेडसेट कानाला घातक असतो का?
— एक वाचिका, इतवारी

उत्तर : हेडसेट स्वतः घातक नसतो; त्याचा आवाज किती ठेवला आणि तो किती वेळ ऐकला, यावर धोका ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास आणि मुलांसाठी ७५ डेसिबल आवाज तेवढाच वेळ, अशी मर्यादा सुचवली आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो. या हिशेबाने ९० डेसिबलला प्रौढ माणसालाही आठवड्याचे ४ तासच मिळतात.

१ मिलिवॅटला १०८ डेसिबल देणाऱ्या हेडसेटला ७८ डेसिबलचा आवाज काढायला १ मिलिवॅटचा हजारावा भाग पुरतो, तर अनेक मोबाइल त्याहून कितीतरी अधिक शक्ती देऊ शकतात. त्यामुळे अशा हेडसेटवर आवाजाची पट्टी निम्म्याच्या खालीच राहायला हवी. मोबाइलच्या सेटिंगमध्ये कमाल आवाजावर बंधन घालण्याची सोय असेल, तर ती वापरावी. मुलगा आवाज वाढवतो तो बहुधा बाहेरचा गोंगाट झाकण्यासाठी. इतवारीच्या रस्त्यावरच्या घरात, कानाला पूर्ण वेढणाऱ्या बंद वाटीचा हेडसेट दिला तर तो स्वतःहून आवाज कमी ठेवील. कानावर नुसता टेकणारा हेडसेट बाहेरचा आवाज फारसा अडवत नाही. शिकवणीनंतर कानात शीळ वाजल्यासारखे होते का, किंवा बोललेले पुन्हा विचारावे लागते का, हे त्याला विचारावे. तसे होत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाण्यास उशीर करू नये.

प्रश्न : दरवर्षी मे महिन्यात माझ्या हेडसेटच्या गाद्यांचे पापुद्रे निघतात आणि वायर पिनेपाशी तुटते. टिकाऊ हेडसेट कसा ओळखावा?
— एक शिक्षिका, धरमपेठ

उत्तर : गाद्यांवरचे चामड्यासारखे आवरण कापडावर दिलेला प्लॅस्टिकचा थर असतो. पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात, घाम आणि केसांचे तेल लागून तो कडक होतो आणि सुटतो. कापडी आवरणाच्या गाद्या आपल्या हवामानाला अधिक मानवतात. त्या बाहेरचा आवाज थोडा कमी अडवतात, पण घाम धरून ठेवत नाहीत. खरेदी करताना गादी हाताने निघते का, ते पाहावे. निघत असेल तर त्याच मापाची नवी गादी बसवता येते आणि हेडसेट वाचतो. रोजच्या वापरानंतर कोरड्या सुती कापडाने त्या पुसाव्यात.

वायर पिनेपाशी तुटते, कारण तेथेच ती वारंवार वाकते. पिनेच्या मागे रबराची लवचीक बाही निदान दोन सें.मी. लांब असावी. वर्गात उभे राहून शिकवत असाल तर लांब वायर घ्यावी, जेणेकरून ताण पिनेवर येणार नाही; आणि ओढताना वायर न धरता पिन धरून ओढावी. वायर वाटीपासून सुटी होणारा हेडसेट मिळाल्यास थोडे अधिक पैसे देण्यास हरकत नाही, कारण मग तुटलेली वायरच बदलावी लागते. तुटलेली पिन कापून नवी बसवून देणारे कारागीर बर्डीवर मिळतात. पिन बसवून घेताना ती चार भागांचीच आहे ना, हे मोजून घ्यावे, आणि दुकानातून निघण्यापूर्वी मायक्रोफोनवर बोलून पाहावे.